अहवाल दाबू नका, त्यावर वाद होऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूरच्या आकाशात कृत्रिम पावसाची विमाने फिरत होती, हे अनेकांना आठवत असेल. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने २७६ ढग निवडले, त्यांतल्या काहींत बीजारोपण केले (म्हणजे पावसाला चालना देणारे कण फवारले) आणि काही तुलनेसाठी मुद्दाम तसेच सोडले. २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आले. सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या टापूत सरासरी १८ टक्के जास्त पाऊस पडला. मात्र हा उपाय प्रत्येक ढगाला लागू पडत नाही आणि केवळ त्याने दुष्काळ हटणार नाही. हा शोधनिबंध आधी मंत्रालयाच्या मंजुरीला पाठवावा लागला असता, तर १८ टक्के राहिले असते आणि पुढचे वाक्य गळाले असते, अशी मला दाट शंका आहे.

शंका उगाच नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची २०१७-१८ ची कौटुंबिक खर्चाची पाहणी पूर्ण झाली होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारने ती प्रसिद्ध करणार नसल्याचे जाहीर केले. कारण दिले आकडेवारीच्या दर्जाचे. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवले. दर्जावर शंका असेल तर आकडे त्रुटींसह मांडायचे आणि इतरांना तपासू द्यायचे, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगतो. कपाटात ठेवलेला आकडा चूक की बरोबर, हे ठरवणार कोण? परिणाम असा की २०११-१२ नंतर थेट २०२२-२३ चीच पाहणी देशासमोर आली. मधल्या काळात नोटाबंदी झाली, जीएसटी आला. विडी वळणाऱ्या बाईच्या नि यंत्रमाग कामगाराच्या ताटातून काय कमी झाले, हे अंदाजाने बोलण्याचीच सोय राहिली.

उत्तराखंडातल्या जोशीमठात तर २७ डिसेंबर २०२२ ते ८ जानेवारी २०२३ या १२ दिवसांत ५.४ सेंटिमीटर जमीन खचल्याचे उपग्रहाने टिपले. ते प्रसिद्ध होताच संस्थांना माध्यमांशी बोलू नका असे बजावले गेले आणि अहवाल संकेतस्थळावरून उतरला. म्हणे घबराट पसरते. ज्यांच्या भिंतींना तडे गेले होते, ते आधीच घाबरलेले होते! आणि हा रोग एकाच पक्षाच्या सरकारचा नाही. पश्चिम घाटावरचा गाडगीळ समितीचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सादर झाला; तो लोकांना वाचायला मिळण्यासाठी माहिती अधिकाराखाली दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

संरक्षणाची गुपिते गुप्तच राहावीत, त्याबद्दल वाद नाही. पण जानेवारी २०२१ मध्ये ‘अंतर्गत बाबीं’वरच्या आंतरराष्ट्रीय ऑनलाइन परिषदांनाही पूर्वपरवानगी लागू केली होती. विज्ञान अकादमींनी हरकत घेतल्यावर तो आदेश मागे गेला, हे बरे झाले. भीती मात्र मागे जात नाही. मार्गदर्शकच विद्यार्थ्याला म्हणतो, “हा विषय नको रे, दुसरा काढ.” अशी बंदी कुठल्याच परिपत्रकात सापडत नाही, त्यामुळे तिच्याविरुद्ध कोर्टातही जाता येत नाही.

सरकारी पैशातून झालेला प्रत्येक अहवाल सादर झाल्यापासून ९० दिवसांत संकेतस्थळावर यावा, रोखायचा असेल तर कारण लेखी द्यावे, असा कायदा हवा. आपल्या जिल्ह्यातल्या खासदारांनी येत्या अधिवेशनात ही मागणी मांडावी आणि २०१७-१८ च्या पाहणीचे मूळ आकडे कधी देणार, तेही विचारावे.

– एक निवृत्त प्राध्यापक, जुळे सोलापूर