तिसरा जोड पाठवू नका, ड्रॉइंग बदला: ३ × १२५ स्केट फ्रेमबद्दल तक्रार

चिंचवड, पुणे
दि. १९ जानेवारी २०२६

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: ३ × १२५ मिमी इनलाइन स्केट फ्रेममधील सदोष रचना आणि पैसे परत मिळण्याबाबत

संदर्भ: माझ्या २४ नोव्हेंबर व १५ डिसेंबर २०२५ च्या ईमेल आणि त्यांना आलेली तुमची उत्तरं

महोदय,

स.न.वि.वि.

तुमच्याकडून फ्रेमचा (बुटाखाली चाकं धरणाऱ्या सांगाड्याचा) तिसरा जोड निघाल्याचं मला परवा कुरियरच्या मेसेजवरून कळलं. तो कृपया मागे बोलावा, आला तरी मी घेणार नाही. पहिला जोड आणि त्याच्या बदल्यात आलेला दुसरा, असे दोन्ही अजून माझ्याकडेच पडून आहेत, कारण पहिला न्यायला तुमचा माणूस आलाच नाही. तिसऱ्याला ठेवायला घरात जागा आहे, पण उपयोग नाही. का नाही, तेच सांगायला हे पत्र लिहिते आहे. ईमेलला तुमच्याकडून दर वेळी तीच चार वाक्यं येतात, म्हणून या वेळी कागद.

मी ४४ वर्षांची आहे. शाळेत असताना कोल्हापुरात चामडी पट्ट्यांचे लोखंडी स्केट बांधून रिंकला फेऱ्या मारायचे, नंतर सगळं सुटलं आणि चाळिशीत पुन्हा सुरू केलं. शर्यतीत उतरत नाही. रविवारी पहाटे स्पाइन रोडच्या सर्व्हिस लेनने पंधरा-वीस किलोमीटर जाऊन येते. तिथे चेंबरची झाकणं, बुजवलेले चर, खडी असं सगळं वाटेत आहे, म्हणूनच मला मोठी चाकं हवी होती. १०० मिमीचं चाक ज्या खाचेत आपटतं, ती १२५ मिमीचं चाक बऱ्यापैकी ओलांडून जातं. चाकं मोठी होत गेली तशी त्यांची संख्या घटली, हे तुम्हाला मी सांगायला नको: पाच ८० ची, मग चार १०० ची, चार ११० ची आणि आता तीन १२५ ची. चाक कितीही वाढलं तरी पाऊल तेवढंच राहतं. चार ११० बसवायची तर फ्रेमचा व्हीलबेस, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या चाकाच्या मध्यांतलं अंतर, ३३५ मिमीच्या घरात जातो, आणि माझ्या ३७ नंबरच्या बुटाखाली ती होडीच वाटेल. तीन १२५ मात्र २५५ मध्ये बसतात. म्हणून तुमची जाहिरात पाहून त्याच दिवशी ९,४०० रुपये भरले. तुमचीच ४ × १०० ची फ्रेम मी तीन वर्षं विनातक्रार वापरली आहे, तो विश्वासही होताच.

फ्रेम ५ नोव्हेंबरला आली. पहिले दोन रविवार बरे गेले. जोर दिला की उजव्या पायाखालून मधूनच कुरकुर ऐकू यायची. मला वाटलं बेअरिंगमध्ये माती गेली असेल, म्हणून सहाही बेअरिंग काढून धुतली. २३ नोव्हेंबरला थोड्या चढावर उजव्या पायाने जोरात रेटा दिला, तसं मधलं चाक खर्रकन आवाज करून क्षणभर अडलं. तेवढं पुरलं. मनगटाचं गार्ड फुटलं, मनगट वाचलं, कोपर मात्र चांगलंच सोलवटलं. दूधवाल्याने मोटरसायकल थांबवून उठवलं आणि "ताई, या वयात कशाला?" असं वर विचारलंही. त्याचं उत्तर तुमच्याकडून घेऊन द्यायचं आहे.

घरी येऊन एलन कीने मधलं चाक उतरवलं. फ्रेमच्या भिंतीच्या आतल्या बाजूला, वर डेकला (बूट बसतो त्या सपाट भागाला) लागून, नखाएवढी रुंद चंद्रकोर उमटली होती. काळं अॅनोडायझिंग खरवडून खालचं अॅल्युमिनियम पांढरं चमकत होतं. त्याच रेषेत चाकाच्या कडेला काळा पट्टा होता आणि नाकाजवळ नेल्यावर जळक्या रबरासारखा वास येत होता. एक्सलपाशी, म्हणजे भिंतीच्या तळाला, ओरखडाही नव्हता. माझं लक्ष वेधलं ते याच गोष्टीने. चाक वर घासतं आणि खाली घासत नाही, याचा अर्थ रेटा बसला की भिंत डेकपासून कलते, तिच्याबरोबर एक्सल आणि चाक बाजूला सरकतं, आणि भिंतीचा जो वरचा भाग हललेला नसतो त्याला चाकाचा माथा जाऊन टेकतो.

यावर तुमच्याकडून पहिलं उत्तर आलं की नवी फ्रेम "सेट व्हायला" वेळ लागतो. फ्रेम म्हणजे लोणचं नव्हे, मुरायला. दुसऱ्या उत्तरात माझं वजन आणि पाय मारायची पद्धत तपासायला सांगितलं होतं. माझं वजन ६१ किलो आहे आणि तुमच्या खोक्यावर "१०० किलोपर्यंत" असं छापलेलं आहे. एक्सलवर वॉशर घालून पाहा, असाही सल्ला मिळाला. वॉशरने भिंती खाली फाकतात. जागा हवी आहे वर.

८ डिसेंबरला दुसरा जोड आला. १४ तारखेच्या रविवारी मी मुद्दाम सपाट रस्त्यावर बेताने गेले, तरी चंद्रकोर उमटलीच, त्याच जागी.

आता माझ्या कामाबद्दल थोडं. मी चाकणच्या एका कारखान्यात मोजमाप विभागात १९ वर्षं काम करते. आमच्या साहेबांची परवानगी काढून एका शनिवारी शिफ्ट सुटल्यावर तुमचे दोन्ही जोड आणि माझी जुनी ४ × १०० ची फ्रेम सरफेस प्लेटवर, म्हणजे मोजमापाच्या अचूक सपाट पाटावर, घेतली. आधी चांगलं सांगते. एक्सलची भोकं एका रेषेत ०.०३ मिमीच्या आत आहेत, दोन्ही जोडांत. फ्रेम बुटाला जोडायच्या माउंटिंगचं १९५ मिमीचं अंतर बरोबर आहे. थ्रेड स्वच्छ, कुठे बर (कापताना राहणारी धारदार कड) नाही. तुमच्या मशीनवर जो कोणी उभा राहतो त्याचं काम उत्तम आहे, हे त्याच्यापर्यंत पोहोचवा. त्याने ड्रॉइंगबरहुकूम जॉब काढला. चूक त्याच्या हाती जे ड्रॉइंग दिलं त्यात आहे, म्हणूनच बदली जोड पाठवून काही होणार नाही. त्याच ड्रॉइंगवरून काढलेला शंभरावा जोडही असाच घासेल.

चूक अशी. जुन्या फ्रेमची भिंत २.५ मिमी जाड आहे आणि नव्या फ्रेमचीही २.५ मिमीच आहे. पण चाक मोठं झाल्यामुळे एक्सल डेकपासून आणखी खाली गेला: जुन्या फ्रेमवर ५३ मिमी, नव्या फ्रेमवर साडेपासष्ट. एका टोकाला धरलेली पट्टी लांबीच्या घनाच्या पटीत वाकते, हे डिप्लोमाच्या पोरांनाही पाठ असतं. ६५.५ भागिले ५३, त्याचा घन: जवळजवळ १.९. म्हणजे तेवढ्याच रेट्याला भिंत जवळपास दुप्पट कलणार. तोच ताठपणा ठेवायचा तर जाडी ३.१ मिमीच्या आसपास न्यायला हवी होती. ती नेली नाहीच, उलट पहिल्या आणि मधल्या चाकाच्या मध्ये दोन्ही भिंतींना जोडणारी जी आडवी पट्टी जुन्या फ्रेमवर आहे तीही काढून टाकली. वजन कमी दाखवायला काढली असेल तर कळवा. "जागाच नव्हती" असं उत्तर येणार असेल तर तेही मोजून पाहिलं आहे. एक्सलच्या पातळीला दोन चाकांमध्ये जेमतेम अडीच मिमी उरतात हे खरं, पण तिथून ४० मिमी वर दोन चाकांच्या मध्ये तीस मिमीहून जास्त जागा मोकळी आहे. पट्टी तिथे आरामात बसते.

आकडेमोडीवर विश्वास नसेल तर प्रयोग ऐका. फ्रेम आडवी करून तिचा डेक अँगल प्लेटला घट्ट बांधला, मधल्या एक्सलला दोरीने २० किलोचं वजन टांगलं आणि विरुद्ध बाजूने डायल गेज (बारीकसं सरकणंही मोजणारं उपकरण) लावला. जुनी फ्रेम ०.३४ मिमी सरकली. तुमची नवी पहिल्या जोडात ०.८८, दुसऱ्यात ०.९१. चाक आणि भिंतीत वर जागा आहे दीड मिमी. २० किलोलाच त्यातली निम्म्याहून जास्त संपते. चढावर एका पायाने रेटा देताना त्या चाकावर किती भार येत असेल याचा अंदाज तुम्हीच करा. या सगळ्याला मला चाळीस मिनिटं लागली, त्यातली दहा दोरी शोधण्यात गेली.

आता तुमच्या खोक्यावरचं दुसरं वाक्य: "भारतीय रस्त्यांवर ५०० किमी चाचणी". ही चाचणी कुणी केली, त्याचं वजन किती, रस्ता कोणता, आणि ५०० किमीनंतर चाकं उतरवून कुणी भिंतीच्या आत पाहिलं का, असं मी दोनदा विचारलं. "ही माहिती गोपनीय आहे" असं उत्तर आलं. पायाखालची वस्तू कशी तपासली हे ती पायात घालणाऱ्यापासून गुप्त ठेवायचं, ही नवीनच पद्धत म्हणायची. मला तर दिसतं ते असं की ते ५०० किलोमीटर आम्ही गिऱ्हाईक मिळून पुरे करतो आहोत, आणि वर पैसेही भरतो आहोत.

जाता जाता, खोक्यावर धातू "७०७५-टी६" लिहिला आहे. त्याची ब्रिनेल कठिणता १५० च्या आसपास असते. तुमच्या डेकवर तीन ठिकाणी घेतली: ९२, ९४, ९३. हा आकडा ६०६१ या दुसऱ्या, कमी कठीण अॅल्युमिनियम मिश्रधातूच्या जवळचा आहे. फ्रेम वाकते ती यामुळे नव्हे, कारण दोन्ही मिश्रधातूंचा मॉड्युलस, म्हणजे धातूचा अंगचा ताठपणा, ७० गिगापास्कलच्या जवळपासच असतो. त्यामुळे धातू बदलून ही चूक सुधारेल असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. पण जे लिहिलं ते दिलं नाही, हा वेगळा मुद्दा उरतोच.

माझं कोपर भरून आलं. मला खरी काळजी लहान मुलांची आहे. गेल्या सप्टेंबरमध्ये चेन्नईच्या आनंदकुमार वेलकुमारने चीनमध्ये बैदाइहेला १,००० मीटरचं विश्वविजेतेपद जिंकलं, तेव्हापासून आमच्या इथल्या रिंकवर पोरांची गर्दी वाढलेली मी पाहते आहे. मोठी चाकं म्हणजे जास्त वेग एवढंच त्यांना ठाऊक असतं. गेल्या आठवड्यात चौदा वर्षांच्या एका मुलाच्या पायात तुमची हीच फ्रेम दिसली. मी त्याच्या आईला चाक काढून आतली बाजू दाखवली. प्रत्येक रिंकवर जाऊन दाखवणं मला जमणार नाही, ते काम तुमचं आहे.

तेव्हा माझं म्हणणं असं: ९,४०० रुपये आणि फुटलेल्या गार्डचे ६५० रुपये परत करा, आणि दोन्ही जोड तुमच्या खर्चाने न्या. ड्रॉइंग बदलेपर्यंत ही फ्रेम विकू नका, आणि ज्यांनी घेतली आहे त्यांना ती वापरू नका असं लेखी कळवा. ऑर्डरच्या यादीत सगळ्यांचे नंबर तुमच्याकडे आहेतच. जाड भिंतीची, आडव्या पट्टीची नवी फ्रेम काढलीत तर मोजायला माझ्याकडे पाठवा, फुकट मोजून देईन. वजन आणि दोरी माझीच.

हे पत्र पोहोचल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन. एवढ्या रकमेला तिथे शुल्क नाही, आणि मी जिथे राहते तिथेच तक्रार करता येते. सरफेस प्लेटवरचे फोटो तारीख-वेळेसह तयार आहेत.

कळावे,

आपली ग्राहक
(ऑर्डरवर नाव व पत्ता आहे)

सोबत: बिलाची प्रत, चंद्रकोरीचे चार फोटो, डायल गेजच्या नोंदींचा कागद, फुटलेल्या गार्डचा फोटो आणि पावती. गार्ड माझ्याकडे ठेवलं आहे, हवं असेल तेव्हा या.