काकांच्या हातात पेन देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

परिषद संपली, माझ्या संशोधनाचं पोस्टर गुंडाळून कपाटावर गेलं, तरी हे पत्र राहूनच गेलं होतं. ईमेल लिहायला बसले की दोन औपचारिक ओळींपुढे गाडी सरकेना, आणि तेवढ्यावर तुमचे आभार उरकणं माझ्या जिवावर आलं. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. नाव मात्र घालत नाही, कारण तुम्हाला ते आवडणार नाही याची मला खात्री आहे.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. वाशीला झालेली ही परिषद स्थिर आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे, न बदलता टिकून राहणारे अणू) आणि परिसंस्था या विषयावरची होती. निसर्गातला जवळपास ९९ टक्के कार्बन हा कार्बन-१२, उरलेला साधारण १ टक्का त्याचा किंचित जड भाऊ, कार्बन-१३. झाडाझाडांत, शेवाळात, समुद्रात हे प्रमाण थोडं थोडं वेगळं असतं, आणि जो जे खातो त्याच्या अंगात ते उतरतं. डीनिरो आणि एपस्टाईन या शास्त्रज्ञांनी १९७८ साली हे प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं. नायट्रोजनचं गणित आणखी कामाचं. अन्नसाखळीत एक पायरी वर चढलं की जड नायट्रोजन दर हजारी साधारण ३ ते ४ नं वाढतो. म्हणजे माशाचा चिमूटभर वाळवलेला स्नायू हे प्रमाण मोजणाऱ्या यंत्रात घातला, तर तो कुणाच्या जिवावर वाढला याचा माग लागतो. मेक्सिकोत हिवाळा काढणारी मोनार्क फुलपाखरं उत्तर अमेरिकेत नेमकी कुठे जन्मली, हे त्यांच्या पंखांतल्या हायड्रोजन आणि कार्बनवरून शोधलं गेलं. या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद १९९८ साली कॅनडात सॅस्काटूनला सुरू झाली. आपल्याकडे, घरापासून लोकलनं जाता येईल इतक्या जवळ असं काही होतंय, याचंच मला केवढं अप्रूप होतं!

माझा विषय ठाण्याच्या खाडीतले मासे. बोईट, निवट्या, शिंगाळे, चिंबोऱ्या. या खाडीत फ्लेमिंगो येतात, २०१५ साली अभयारण्य झालं, २०२२ साली खाडी रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली. पोस्टरपाशी थांबलेला जो तो फ्लेमिंगोंबद्दल विचारायचा. विचारावंही, त्यांच्यामुळेच खाडीकडे लोकांचं लक्ष गेलं. पण बोईट काय खातो, हे विचारणारं कुणी भेटेना.

त्याआधीचंही सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय तुम्ही काय केलंत हे कुणाला कळणार नाही. एका नावाजलेल्या प्रयोगशाळेनं माझे बरेचसे नमुने ठेवून घेतले होते. पुढच्या महिन्यात, पुढच्या सत्रात, यंत्र दुरुस्तीला गेलंय, असं चालत राहिलं. मग कधीतरी त्यांचा फ्रीज बंद पडला आणि चिखलात गुडघाभर रुतून जमवलेले नमुने सडले. मला कुणी कळवलंसुद्धा नाही. मी चौकशीला गेले तेव्हा काउंटरवरूनच उत्तर मिळालं. दुसरीकडच्या एका मोठ्या माणसानं तर हसून विचारलं, ‘गटारातल्या माशांचा कसला आलाय अभ्यास?’ ते हसू अजून डोक्यातून जात नाही. ज्या पाण्यावर कोळीवाड्यांतल्या पिढ्या जगल्या, त्याला गटार म्हणून मोकळं व्हायचं, आणि ते गटार झालं कसं हे मोजायला कुणी निघालं की हसायचं!

परिषदेच्या दिवशी ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले काका माझ्यासोबत आले होते. माझा एकेक मासा त्यांच्या पागातून, म्हणजे फेकायच्या जाळ्यातून आलेला. पोस्टरवर काय लिहिलंय ते त्यांना बघायचं होतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. दारात त्यांना ‘तुम्ही कुणाबरोबर?’ असं विचारलं गेलं, आत आल्यावर पुन्हा विचारलं गेलं, आणि त्यानंतर ते भिंतीला टेकून उभे राहिले ते तिथून हलेचनात. परीक्षक माझ्या रांगेपर्यंत पोचलेच नाहीत. चहाची वेळ झाली आणि हॉल ओसरायला लागला.

तेव्हा तुम्ही आलात. सकाळच्या सत्राच्या अध्यक्षस्थानी तुम्हीच होतात, तुम्हाला घेरून माणसं चालत होती. पोस्टर तुम्ही नीट, वरपासून खालपर्यंत वाचलंत. मग मला विचारलंत, ‘मासे कुणी पकडले?’ मी काकांकडे बोट दाखवलं.

तुम्ही त्यांना नमस्कार केलात. पर्समधून निळं पेन काढलंत, टोपण उघडलंत आणि त्यांच्या हातात दिलंत. ‘काका, या नकाशावर दाखवा बरं, भरतीचं पाणी कुठवर येतं?’

काका पेन धरून नुसते उभे. छापलेल्या, गुळगुळीत कागदावर रेघ मारायची त्यांची छाती होईना, ते माझ्याकडे बघायला लागले. तुम्ही म्हणालात, ‘मारा बिनधास्त, त्यासाठीच टांगलाय तो.’ आणि तुम्ही बाजूला सरकलात, म्हणजे नकाशासमोरची जागा त्यांची झाली. त्यांनी आधी बोटानं खाडीचा काठ चाचपला, पूल ओळखला, कांदळवनाचं वळण ओळखलं, आणि मग एक तिरकी रेघ ओढली. ‘हितवर दर्याचा पानी. ह्याचे वर शहराचा.’

मॅडम, तुम्ही वाकून बघितलंत, रेघेच्या दोन्ही बाजूंचे माझे आकडे पुन्हा वाचलेत आणि तुमचा चेहरा खुलला. बोईटांच्या नायट्रोजनमध्ये दोन ठिकाणांच्या मध्ये जी उडी दिसत होती, ती बरोबर त्या रेघेवर पडत होती. सांडपाण्यातला हलका नायट्रोजन वायू होऊन निघून जातो, जड मागे राहतो, तोच पुढे शेवाळात आणि माशात उतरतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं. खाडीत ते नेमकं कुठून सुरू होतं, हे काकांना पाण्याच्या रंगावरून आणि वासावरून ठाऊक होतं. तुमच्यासोबतची माणसं मग पुढे आली, काकांना प्रश्न विचारायला लागली. बोईट चिखल चाटतो म्हणजे नक्की काय करतो, हे काकांनी हाताचा तळवा ओठांशी नेऊन दाखवलं. पानं नव्हे, चिखलावरची शेवाळी साय. आमच्या थोड्याशा नमुन्यांतला कार्बनही कांदळवनाच्या पानांपासून लांब, त्या सायीच्या जवळचा होता.

नंतर तुम्ही तुमच्या यंत्रावर माझ्या उरलेल्या नमुन्यांसाठी जागा करून दिलीत. ती मदत फार मोठी आहे, माझं संशोधन तिच्यावर उभं राहणार आहे. पण खरं सांगू? मला त्या पेनाचंच जास्त वाटतं. अनुभवी माणसाला ‘सहकार्याबद्दल आभार’ म्हणून शेवटच्या ओळीत बसवणारे खूप बघितले. त्याला प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. सकाळपासून भिंतीला टेकलेले काका परतीच्या गाडीत ठाणं येईपर्यंत बोलत होते.

चांगुलपणा करायला फार काही लागत नाही हो. नमुने खराब झाले तर एक फोन करायचा, दारातल्या माणसाला बसायला सांगायचं, जमणार नसेल तर तसं सरळ लिहून टाकायचं. ज्यांच्याकडे यंत्रं आणि पदं आहेत, त्यांनी एवढं केलं तर माझ्यासारखी कितीतरी पोरं अर्ध्यात सोडून जाणार नाहीत. माझ्या बरोबरीची एक मैत्रीण गेली. ती माझ्याहून हुशार होती.

नमुने वाळवून, कुटून, खुणा घालून तयार आहेत. पाऊस सुरू झाला की खाडीचं पाणी पार बदलतं, म्हणून रेघेच्या दोन्ही बाजूंचा आणखी एक फेरा त्याआधी काका आणि मी करणार आहोत. पोस्टरवर आता त्यांचं नाव माझ्या नावाशेजारी आहे. तुम्ही सांगाल त्या दिवशी सगळं घेऊन येते.

आणि काकूंचा निरोप आहे: मॅडमना घेऊन ये, चिंबोरीचं कालवण करते, येताना जेवून यायचं नाही.

तुमची कृतज्ञ,
कळव्याची एक विद्यार्थिनी