जुना हॅम सेट विकायचा कुणाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑनलाइन बाजारात वॉकीटॉकी सर्रास विनापरवाना विकल्या जातात म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये १३ ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा काढल्या आणि पाठोपाठ मार्गदर्शक सूचनाही जाहीर केल्या. हे व्हायलाच हवे होते. मंगल कार्यालयात केटररची पोरे जो चिनी सेट हातात घेऊन फिरतात, तो कुणाच्या फ्रिक्वेन्सीत घुसतो आहे हे त्यांच्या गावीही नसते. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधल्या कमी शक्तीच्या वॉकीटॉकींना परवान्यातून सूट आहे, पण ती तेवढ्यापुरतीच.

या गदारोळात एक व्यवहार मात्र नेहमीप्रमाणे बाजूला राहिला. एका परवानाधारक हॅमने (म्हणजे परीक्षा देऊन, परवाना काढून छंद म्हणून रेडिओवर बोलणाऱ्याने) आपला वापरलेला रेडिओ सेट दुसऱ्या हॅमला विकणे. आमच्या छंदात नवा एचएफ (दूरवर पोचणाऱ्या लघुलहरींचा) सेट सगळ्यांच्या खिशाला परवडत नाही. परीक्षा देऊन नुकतेच व्हीयू३ने सुरू होणारे कॉल साइन (परवान्याबरोबर मिळणारे रेडिओवरचे नाव) मिळालेल्या कॉलेजच्या पोराने सुरुवात करायची ती कुणाच्या तरी जुन्या केनवूड किंवा आयकॉम कंपनीच्या सेटवरच. म्हणजे हा बाजार राहणारच. तो उजळ माथ्याने चालावा एवढेच माझे म्हणणे.

लोकांचा (आणि काही हॅम मंडळींचाही) एक समज पक्का असतो, की सेट चालवला तरच परवाना लागतो. तसे नाही. १९३३ च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी अ‍ॅक्टने ट्रान्समीटर विनापरवाना नुसता जवळ बाळगणेही गुन्हा ठरवले आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगायला परवानगी लागतेच. ‘अँटिक पीस म्हणून शोकेसमध्ये ठेवतो हो, लावणार थोडाच आहे’ असे म्हणत जुन्या बाजारातून सेट उचलणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. परदेशातल्या मेव्हण्याकडून बॅगेत घालून आणवलेल्या सेटचेही तेच. आयातीला संचार मंत्रालयाच्या डब्ल्यूपीसी (रेडिओ फ्रिक्वेन्सी आणि परवाने पाहणाऱ्या) विभागाची मंजुरी लागते. ती नसलेला सेट स्वस्तात मिळाला तरी गळ्यात पडतो.

माझ्या ओळखीचे जाणते हॅम सेट विकतात तो असा. घेणाऱ्याच्या परवान्याची प्रत आणि फोटो ओळखपत्र आधी मागवतात, परवान्यावरची मुदत आणि ग्रेड पाहतात. साध्या कागदावर दोघांची नावे, कॉल साइन, मॉडेल, मागच्या पट्टीवरचा सिरियल नंबर, किंमत, तारीख लिहून दोघे सही करतात आणि प्रत आपापल्या परवान्याच्या फायलीत लावतात. सेट दाखवताना अँटेना नव्हे, डमी लोड (सिग्नल हवेत न सोडता जिरवणारे उपकरण) आणि वॉटमीटर जोडतात. आणि घेणाऱ्याने विचारायलाच हवा असा प्रश्न: सेट ‘ओपन’ केलेला आहे का? आपल्याकडे हॅमना दिलेला दोन मीटरचा बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. आतला एखादा डायोड काढून सेट त्याबाहेर ट्रान्समिट करता येईल असा केलेला असतो आणि विकणारा ते गुण म्हणून सांगतो! मी तरी असा सेट घेणार नाही.

खरी पंचाईत होते ती हॅम गेल्यावर. आमच्यात त्याला ‘सायलेंट की’ म्हणतात. परवाना त्या माणसाच्या नावावर. तो गेला की परवाना संपला आणि सेट राहिला पत्नीच्या किंवा मुलाच्या ताब्यात. आमच्या परिचयाच्या एका घरी यासू कंपनीचा एफटी-१०१ हा जुना सेट दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढला होता. शेजारच्या हॅमने ओळखला म्हणून वाचला. त्या बाईंची काय चूक? त्यांना कुणी सांगितलेच नव्हते आणि विचारायचे कुणाला तेही माहीत नव्हते. पोलीस ठाण्यात जावे तर ‘वायरलेस’ हा शब्द ऐकूनच भुवया वर जातात.

डब्ल्यूपीसीला माझी विनंती आहे. परवान्याचे अर्ज सरकारच्या सरल संचार पोर्टलवर करता येतातच. तिथेच वापरलेल्या सेटच्या हस्तांतराची एका पानाची नोंद असावी. विकणाऱ्याचे कॉल साइन, घेणाऱ्याचे कॉल साइन, सिरियल नंबर, बस. वारसांना सेट परवानाधारकाकडे सोपवण्यासाठी ठरावीक मुदत द्यावी आणि त्या काळात त्यांना गुन्हेगार समजू नये. डिसेंबर २००४ च्या सुनामीत अंदमानात पोर्ट ब्लेअरहून हॅम मंडळींनीच निरोप पोचवले, तेव्हा त्यांचे सरकार-दरबारी कौतुक झाले होते. कौतुकापेक्षा ही नोंदीची सोय जास्त उपयोगी पडेल.

तोवर ज्या घरात असा सेट पडून आहे त्यांनी तो भंगारात देऊ नये, जाहिरात टाकूनही विकू नये. जवळच्या हॅम क्लबला कळवावे आणि कागद करूनच सेट द्यावा. ‘चालतो का बघू’ म्हणून तो प्लगला लावू तर मुळीच नये. एफटी-१०१ सारख्या व्हॉल्व्हच्या सेटमध्ये सहाशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही काळ टिकून राहतो.

आपला,
एक हॅम परवानाधारक, मिरज