नाव न सांगता निघून गेलेल्यांचे आभार

कुडाळ तालुक्यातील आमच्या वाडीत गेल्या कार्तिकात एक नामवंत कबड्डीपटू येऊन गेले; गाजावाजा नको, या त्यांच्याच अटीमुळे त्यांचे नाव येथे देत नाही. मॅट भाड्याने आणण्याची आमची ऐपत नसल्याने कापणी झालेला एक कुणगा, म्हणजे भातशेतीचा तुकडा, मैदानासाठी निवडला होता, पण आदल्या संध्याकाळी अवकाळी सर आली आणि त्यात चिखल झाला. त्या रात्री टेम्पोतून कोरडी माती घेऊन आलेल्या, भाताची धसकटे खणून काढणाऱ्या, जमीन चोपून घेऊन पहाटेपर्यंत 13 बाय 10 मीटरच्या मैदानाच्या फक्कीच्या रेषाही आखून देणाऱ्या मंडळींचे आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत. त्यांनी चहासुद्धा घेतला नाही, याची मात्र वाडीला रुखरुख आहे.

आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचे सांबारे घेऊन आलेल्या बाहेरगावच्या माऊलींचेही आभार.

कबड्डी 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत प्रथमच पदकासाठी खेळली गेली, हे पाहुण्यांनी मुलांना सांगितले. पण मुलांच्या लक्षात राहिले ते चढाई करताना टाच न टेकवता पाऊल कसे सरकवायचे, हे त्यांनी अनवाणी दाखवलेले प्रात्यक्षिक. तेही त्याच मातीवर.

त्या रात्रीची दोन घमेली आणि एक चोपणे देवळाच्या पडवीत ठेवले आहे. ज्यांचे असेल त्यांनी घेऊन जावे आणि या वेळी चहा घेतल्याशिवाय जाऊ नये, ही विनंती.