एलएमएस बदलताना आधी गुणांचा हिशेब तपासा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शिक्षणसंस्था ऑनलाइन अध्यापनाची यंत्रणा, म्हणजे एलएमएस, बदलते तेव्हा परिपत्रकात बहुधा एवढेच असते की अमुक तारखेपासून सर्व कोर्स नव्या पोर्टलवर मिळतील. ते वाचून शिक्षकांना वाटते, फायली इकडून तिकडे गेल्या की झाले. फायली जातातच, त्यांत फारसे काही अडत नाही. घोडे अडते ते गुणांचे हिशेब, प्रश्नपेढी आणि विद्यार्थ्यांच्या नोंदी यांपाशी. आणि वेळापत्रकात नेमकी हीच कामे शेवटच्या आठवड्यात ढकललेली असतात. क्रम उलटा हवा, हे सांगण्यासाठी हे पत्र.

बदलाचा निर्णय दर वेळी संस्थेच्या हातात असतो असेही नाही. वेबसीटी ही यंत्रणा २००६ मध्ये ब्लॅकबोर्ड या प्रतिस्पर्धी कंपनीच्या ताब्यात गेली, २००९ मध्ये एंजलही गेली, आणि या दोन्ही यंत्रणा वापरणाऱ्या संस्थांना पुढे दुसरीकडे जावेच लागले. मूडलसारखी मुक्तस्रोत यंत्रणा स्वतःच्या सर्व्हरवर चालवली तर ही धास्ती नसते. पण सर्व्हर सांभाळणारा माणूस सोडून गेला की तीच संस्था तयार सेवा शोधू लागते. कारण काही असो, काम तेच.

एका यंत्रणेतला कोर्स दुसरीत नेण्यासाठी कॉमन कार्ट्रिज नावाचे सामायिक स्वरूप आहे आणि मोठ्या यंत्रणा ते कमीअधिक प्रमाणात वाचतात. ही फाइल म्हणजे एक झिपच. उघडली की आत मॅनिफेस्टची (आतल्या घटकांच्या यादीची) एक्सएमएल फाइल, पाने, जोडफायली, वेबलिंक, चर्चेचे विषय आणि साधे प्रश्न दिसतात. विद्यार्थी, त्यांनी लिहिलेली उत्तरे, मिळालेले गुण, गट यांतले काहीही तिच्यात नसते. ती बनवलीच तशी आहे. प्रात्यक्षिकात विक्रेता ‘एका क्लिकमध्ये कोर्स आला’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याच्या लेखी कोर्स म्हणजे एवढेच.

सर्वांत जास्त हाल होतात प्रश्नपेढीचे. कॉमन कार्ट्रिजला बहुपर्यायी, एकाहून अधिक बरोबर पर्यायांचे, चूक की बरोबर, गाळलेल्या जागा आणि दीर्घोत्तरी अशा मोजक्याच प्रकारांची ओळख आहे. जोड्या लावा, प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळे आकडे देणारी उदाहरणे, एकाच उताऱ्यात पाच-सहा जागा भरायला लावणारे मूडलचे क्लोझ प्रश्न, चित्रावर ओढून लावायची नावे, हे वाटेत गळते किंवा नुसता मजकूर होऊन पोचते. आयात यशस्वी झाल्याचा हिरवा संदेश तरीही येतो. काय गळाले त्याची नोंद आयातीच्या लॉगमध्ये असते, आणि तो लॉग उघडण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो.

समजा, एका चाचणीत ६० प्रश्नांच्या पेढीतून प्रत्येकाला कोणतेही १० प्रश्न यायचे आहेत. ‘कोणतेही १०’ हा नियम सामायिक स्वरूपात बसत नाही, म्हणून नव्या जागी ती चाचणी कधी साठच्या साठ प्रश्नांची होते, कधी ठरावीक दहांची, तर कधी रिकामीच येते. एकूण गुण १० ऐवजी ६० दिसले तर निदान लक्षात तरी येते. तेच ते दहा प्रश्न सगळ्यांना जात असतील, तर पहिली तुकडी दुसरीला उत्तरे सांगून मोकळी होईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. वजा गुण आणि अंशतः गुण यांचे नियमही बऱ्याचदा हाताने पुन्हा लावावे लागतात. म्हणून प्रश्नपेढी कोर्सपासून वेगळी, मूडल एक्सएमएल किंवा क्यूटीआय (प्रश्नांच्या देवाणघेवाणीचे सामायिक स्वरूप) यांपैकी एका स्वरूपात काढावी आणि कोणत्या प्रकारचे किती प्रश्न निघाले व किती पोचले हे मोजावे. क्यूटीआय १.२ आणि २.१ या आवृत्त्यांची रचना वेगळी आहे. नवी यंत्रणा ‘क्यूटीआय वाचते’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. नव्या जागी जो प्रकारच नाही त्या प्रश्नांचे काय करायचे, ते विषयशिक्षकाने ठरवायचे आहे. संगणक विभागाने परस्पर ठरवले की प्रमेयाची सिद्धता विचारणारा प्रश्न ‘चूक की बरोबर’ होऊन बसतो.

आता गुण. गृहपाठाला २० टक्के, चाचण्यांना ३० आणि अंतिम परीक्षेला ५० टक्के भार आहे असे धरू. एका विद्यार्थिनीला गृहपाठात ८० टक्के, चाचण्यांत ६० टक्के मिळाले. परीक्षा अजून व्हायची आहे. न झालेल्या परीक्षेचा भार बाजूला ठेवला तर तिच्या पानावर ६८ टक्के दिसतील: १६ अधिक १८ म्हणजे ३४, आणि ते ५० पैकी. परीक्षेच्या जागी शून्य धरले तर ३४ टक्के दिसतील. दोन्ही उत्तरे आपापल्या नियमाने बरोबर आहेत. पण जुन्या यंत्रणेत कालपर्यंत ६८ पाहणाऱ्या मुलीला आज ३४ दिसले, तर दुसऱ्या दिवशी कार्यालयापुढे रांग लागणारच.

ही तफावत परीक्षेनंतर मिटते तरी. न दिलेल्या गृहपाठाची मिटत नाही. प्रत्येकी १० गुणांचे पाच गृहपाठ, चारांत पैकीच्या पैकी, पाचवा दिलाच नाही. रिकामी जागा शून्य धरली तर ५० पैकी ४०, म्हणजे ८० टक्के. रिकामी जागा वगळली तर ४० पैकी ४०, म्हणजे १००. वीस टक्क्यांच्या भारात हा चार गुणांचा फरक झाला, आणि श्रेणीच्या सीमेवर असलेल्याला तेवढा पुरतो. सर्वांत कमी गुणांची एक चाचणी सोडून द्यायचा नियम, जादा गुण, माफी दिलेला गृहपाठ, ५९.५ चे ६० कुठे करायचे (प्रत्येक घटकात की शेवटच्या बेरजेत), यांतही असेच फाटे फुटतात. उपाय कंटाळवाणा आहे, पण सोपा आहे. मागच्या सत्रातले निकाल लागलेले काही विद्यार्थी निवडावेत: एकाचे सगळे गुण भरलेले, एकाची जागा रिकामी, एकाला खरोखर शून्य, एकाला माफी, एकाला जादा गुण. नावे काढून त्यांचे कच्चे गुण नव्या ग्रेडबुकमध्ये, म्हणजे एलएमएसमधल्या गुणांच्या वहीत, भरावेत आणि एकूण टक्केवारी दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत जुळते का पाहावे. जुळली नाही तर कोर्स सुरू करू नये.

स्कॉर्म या प्रमाणित स्वरूपात बांधलेले परस्परसंवादी धडे नव्या घरी जातात, विद्यार्थ्याची प्रगती जात नाही. स्कॉर्म १.२ मध्ये विद्यार्थी धड्यात कुठवर आला हे जास्तीत जास्त ४,०९६ अक्षरांच्या एका नोंदीत साठवतात, आणि ती नोंद जुन्या यंत्रणेच्या डेटाबेसमध्येच राहते. अर्धा धडा झालेल्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. सत्राच्या मध्यावर यंत्रणा बदलू नये याचे एवढे एकच कारण पुरेसे आहे.

प्रकाशकांची सरावसाधने किंवा आभासी प्रयोगशाळा एलटीआयने (बाहेरची साधने एलएमएसला जोडण्याच्या प्रमाणित पद्धतीने) जोडलेल्या असतात, त्यांचेही तसेच. जुनी जोडणी एलटीआय १.१ ची असेल तर ती एका किल्लीवर आणि गुप्त शब्दावर चालत होती, १.३ मध्ये प्रत्येक साधनाची नव्या यंत्रणेकडे नव्याने नोंदणी करावी लागते. ते जमते. खरी मेख पुढे आहे: प्रत्येक एलएमएस त्या साधनाला विद्यार्थ्याची ओळख स्वतःच्या क्रमांकाने सांगते. यंत्रणा बदलली की तोच विद्यार्थी साधनाच्या दृष्टीने नवखा ठरतो. त्याचे जुने काम दिसत नाही आणि कधी कधी विकत घेतलेला प्रवेशही पुन्हा मागितला जातो. जुने-नवे क्रमांक जोडून देता येतील का, हे प्रकाशकाला महिनाभर आधी लेखी विचारावे.

विद्यार्थ्यांच्या यादीत होणारा घोळ बहुतेक वेळा एक्सेलचा असतो. ००४५७ हा क्रमांक असलेली सीएसव्ही (साध्या मजकुरातल्या तक्त्याची) फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की तो ४५७ होतो आणि नव्या यंत्रणेत एकाच मुलाची दोन खाती तयार होतात. तो स्तंभ उघडतानाच मजकूर म्हणून घ्यावा लागतो. नावे देवनागरीत असतील तर फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतातच सेव्ह करावी, नाहीतर नावांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. झिपमधल्या देवनागरी नावांच्या फायलींचाही असाच विचका होऊ शकतो. खात्याची ओळख म्हणून ईमेल वापरू नये, कारण ईमेल बदलतो. कधीही न बदलणारा नोंदणी क्रमांक वापरावा.

पानांमधली एक गोष्ट पटकन तपासून होते. कॉमन कार्ट्रिजची झिप उघडून सगळ्या एचटीएमएल फायलींत जुन्या सर्व्हरचा पत्ता शोधावा. जिथे जिथे तो सापडेल ते चित्र किंवा ती लिंक जुना सर्व्हर बंद होण्याच्या दिवशी मरणार आहे. तोवर सगळे ठीक दिसते, कारण शिक्षकाच्या ब्राउझरमध्ये जुने लॉगिन चालूच असते. म्हणून तपासणी जुन्या यंत्रणेत लॉगिन नसलेल्या ब्राउझरमधून, नमुना विद्यार्थ्याच्या खात्याने आणि मोबाइलवरही करावी. त्याच खात्याने लपवलेले घटकही पाहावेत. जुन्या कोर्समध्ये झाकून ठेवलेली उत्तरसूची नव्यात झाकलेलीच पोचेल याची खात्री नसते.

मुदतींचे बहुधा लक्षात राहते, सवलतींचे राहत नाही. दृष्टिदोष असलेल्या विद्यार्थ्याला चाचणीत दीडपट वेळ दिलेला असेल तर ती सवलत त्याच्या नावाशी बांधलेली असते, आणि नावे हलत नसल्यामुळे तीही हलत नाही. अशा सवलतींची यादी जुन्या यंत्रणेतून आधी उतरवून घ्यावी आणि पहिल्या चाचणीआधी नव्यात भरावी. हे काम परीक्षेच्या दिवशी आठवले तर भोगावे लागते ते त्या एका मुलाला.

चाचपणीसाठी सोपा कोर्स निवडण्याचा मोह टाळावा. चार पाने आणि दोन पीडीएफ कुठेही नीट जातात, त्यातून कळत काहीच नाही. सूत्रांनी भरलेला गणिताचा, मोठ्या प्रश्नपेढीचा, गटकार्याचा आणि बाहेरची साधने जोडलेला असे अवघड कोर्स आधी न्यावेत. लॅटेक या सूत्रलेखनाच्या पद्धतीने लिहिलेल्या सूत्रांभोवतीच्या डॉलरच्या खुणा नवी यंत्रणा ओळखते का, हे पहिल्याच पानावर कळते. चाचणी सर्व्हरवरून ईमेल जाणे बंद ठेवावे, नाहीतर जुन्या मुदतींच्या सूचना खऱ्या विद्यार्थ्यांच्या पेटीत जाऊन पडतात. आणि सगळे कोर्स नेण्याचा अट्टहास कशाला? दोन वर्षांत कोणी उघडलाही नाही असा कोर्स संग्रहात ठेवावा, शिक्षकाने मागितला तर काढून द्यावा. व्हिडिओ कोर्सच्या पोटात न ठेवता वेगळ्या सेवेवर ठेवून पानात जोडले तर बॅकअप आटोपशीर राहतो आणि अपलोडच्या मर्यादेवर आपटत नाही.

संग्रहाबाबत एक गैरसमज पक्का आहे, की मूडलची एमबीझेड बॅकअप फाइल जपली म्हणजे नोंदी जपल्या. ती फाइल उघडून पाहावी. आत विद्यार्थ्यांनी दिलेल्या निबंधांना, पीडीएफना त्यांची मूळ नावे नसतात. प्रत्येक फाइलचे नाव म्हणजे ४० अक्षर-अंकांची एक साखळी असते, आणि कोणती साखळी कोणाचा निबंध हे वेगळ्या एक्सएमएल फाइलीत लिहिलेले असते. चालू मूडल हाताशी नसेल तर त्यातून एका विद्यार्थ्याचा एक निबंध शोधणे म्हणजे दिवसाचे काम. बॅकअप घेताना विद्यार्थ्यांची माहिती घ्यायची खूण केली नसेल तर तेही नाही. म्हणून एमबीझेडबरोबरच ग्रेडबुक सीएसव्ही आणि पीडीएफ अशा दोन्ही रूपांत, प्रत्येक घटकाचे कमाल गुण आणि भार यांसह, काढावे. दिलेली कामे असाइनमेंटवार झिपमध्ये, विद्यार्थ्याच्या नावाच्या फोल्डरने उतरवावीत. जुनी यंत्रणा किमान एक पूर्ण सत्र फक्त वाचण्यापुरती चालू ठेवावी. फेरतपासणीचे अर्ज निकालानंतर येतात आणि तेव्हा मूळ उत्तरपत्रिका जशी होती तशी दाखवावी लागते.

हे वाचण्यापुरते लॉगिन फुकट मिळत नाही आणि करार संपल्यावर मागितले तर मिळेलच असे नाही. म्हणून नव्या यंत्रणेच्या करारावर सही करतानाच तिच्यातून बाहेर पडण्याच्या अटी लिहून घ्याव्यात: सगळे कोर्स एकगठ्ठा कोणत्या स्वरूपात निघतील, गुण आणि दिलेली कामे त्यांत असतील का, करार संपल्यावर किती दिवस लॉगिन चालू राहील, आणि त्यानंतर विद्यार्थ्यांची माहिती पुसल्याचे लेखी कोण देईल. यांतले पहिले दोन मुद्दे विक्रेत्याकडून प्रात्यक्षिकाच्या दिवशीच करून दाखवून घेता येतात. त्यासाठी आपलाच एक अवघड कोर्स सोबत न्यावा.

आपला,
एक एलएमएस प्रशासक