अँपिअर पाहता, व्होल्टही पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परदेशी जुन्या मशिनी उद्यमबागेत मोडीत निघाल्या की त्यांच्या पॅनेलमधले ब्रेकर भंगारवाल्याकडून स्वस्तात घरच्या नि मागांच्या वायरिंगला जातात. गिऱ्हाईक एवढेच विचारते, ‘वीसचा आहे ना?’ अँपिअर जुळले की बसवला.

अमेरिकी सिंगल पोल, म्हणजे एकच तार तोडणाऱ्या, ब्रेकरवर बऱ्याचदा ‘१२०/२४०’ छापलेले असते. २४० पाहून माणूस निर्धास्त होतो. पण तिकडे फेज-न्यूट्रलमध्ये १२० व्होल्ट आणि दोन फेजमध्ये २४० असतात. एका पोलने तोडायचा दाब (व्होल्ट) १२०चाच. आपल्याकडे फेज-न्यूट्रललाच २३० आहेत. आपल्या एमसीबीवरचे (घरातल्या छोट्या ब्रेकरवरचे) ‘२४०/४१५’ याच हिशेबाने लिहिलेले असते.

असा ब्रेकर एरवी नीट चालतो, ओव्हरलोडला ट्रिपही होतो, कारण आतली पट्टी तापते ती करंटने. म्हणून वर्षानुवर्षे कुणाला शंका येत नाही. डेड शॉर्ट झाला, म्हणजे फेज-न्यूट्रल थेट चिकटले, की कसोटी लागते. कॉन्टॅक्ट उघडतात, पण मधला आर्क (ठिणगीचा जाळ) जवळजवळ दुप्पट दाबावर विझेलच याची खात्री नाही. कॉन्टॅक्ट चिकटतात, नाहीतर ब्रेकरच फुटतो. उलटे मात्र चालते. लेथच्या ११० व्होल्टच्या एसी कंट्रोलला आपला २४०चा एमसीबी खुशाल लावावा.

छतांवर सोलर आल्यापासून हाच घोळ नव्याने सुरू झाला आहे. पॅनेलकडून येणारी वीज डीसी, तीही अनेकदा काही शे व्होल्टची. आपला ५० सायकलचा एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि तिथे आर्क विझतो. डीसीला ती सोय नाही. शहापुरात एका घरी डीसीचा डबा उघडला, तर एमसीबीवर एसीची नागमोडी खूण आणि स्क्रूजवळचे प्लास्टिक तपकिरी पडलेले. मालक म्हणाले, “बसवणाऱ्यांनीच दिलाय, आम्हाला काय कळतंय त्यातलं?” बरोबरच आहे, त्यांना कसे कळणार?

हेस्कॉमची (इकडच्या वीज कंपनीची) माणसे सोलरचा मीटर लावायला येतात, तेव्हा त्यांनी हा डबाही उघडून पाहावा. कन्नडबरोबर मराठीतही चार ओळींचे पत्रक काढावे. खानापूरकडच्या गावांत कन्नड न वाचणारे जुने वायरमन आहेत. आणि जुना ब्रेकर विकणाऱ्यांनी व्होल्टचा आकडा गिऱ्हाइकाला दाखवावा. आकडा पुसला गेला असेल, तर तो ब्रेकर विकूच नये.

– एक वायरमन, उद्यमबाग, बेळगाव