मैदान चालत जाता येईल इतकं जवळ हवं

मा. संपादक,

गेल्या हिवाळ्यात मी तीन महिने लेकीकडे मूस जॉला होते. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातलं हे गाव. वस्ती ३४ हजारांच्या आतबाहेर, म्हणजे आपल्याकडे एखाद्या उपनगरातल्या चार-सहा मोठ्या सोसायट्यांचा ऐवज. चहूकडे सपाट गव्हाची शेतं, आणि थंडी अशी की इंजिन गरम राहून सकाळी गाडी सुरू व्हावी म्हणून रात्रभर तिची वायर प्लगला लावून ठेवायची. अंधार पडल्यावर इथे कोण घराबाहेर पडत असेल, असं मला वाटलं होतं.

मग एका शुक्रवारी जावई मला आइस हॉकीच्या सामन्याला घेऊन गेले. मूस जॉ वॉरियर्स हा गावाचा तरुण मुलांचा संघ. २०२४ मध्ये ते पहिल्यांदा वेस्टर्न हॉकी लीगचे विजेते झाले. आम्ही मेन स्ट्रीटवर जेवलो आणि तिथूनच चालत निघालो. उणे २६ तापमान, बुटाखाली बर्फ करकरत होता. पुढेमागे माणसंच माणसं! आजोबा, कडेवर पोरं घेतलेल्या आया, हातात हात घालून शाळेतल्या मुली. पाच मिनिटांत दारात. साडेचार हजारांच्या आसपास प्रेक्षक मावतात असं हे क्रीडागृह २०११ मध्ये मोझॅक प्लेस या नावाने सुरू झालं, आणि ते बांधलं मेन स्ट्रीटपासून हाकेच्या अंतरावर. त्याआधीचं स्टेडियम १९५९ चं. त्याचं छप्पर मधोमध खोलगट, म्हणून लोक त्याला ‘चेपलेला डबा’ म्हणायचे. माझी मुलगी तिथे गेली तेव्हा ते पाडलेलं होतं, तरी लोक त्याची आठवण अजून जिव्हाळ्याने काढतात.

हॉकीपेक्षा मला जास्त आवडलं ते त्याच इमारतीतलं कर्लिंग. सुमारे वीस किलोचा ग्रॅनाइटचा दगड बर्फावरून हलकेच सोडायचा आणि पुढे दोघींनी ब्रशने बर्फ घासत त्याला वाट करून द्यायची. घासणाऱ्या दोघी सत्तरीच्या तरी असतील. डाव संपल्यावर सगळ्या एका टेबलाशी कॉफी पीत बसल्या. मी काचेपलीकडे उभी होते, त्यांनी मलाही खुणेने बोलावलं. दुपारी घरी एकटी बसणारी बाई आठवड्यातून दोनदा गावाच्या मध्यात येते, खेळते, जाताना औषधं आणि भाजी घेऊन जाते. यात खेळ किती आणि बाजार किती, हे वेगळं काढता येत नाही.

सामना नसेल त्या दिवशी मात्र सहानंतर तोच रस्ता ओस पडतो, काही दुकानांना कायमचं कुलूपही आहे. एकट्या स्टेडियमवर पेठ जगत नाही, हे मी पाहिलं. पण ते स्टेडियम लांब गेलं असतं, तर त्या शुक्रवारची गर्दीही त्या रस्त्याला मिळाली नसती. अल्बर्टातल्या मेडिसिन हॅटमध्ये तसंच झालं. तिथलं नदीकाठचं, गावातलं जुनं स्टेडियम मागे पडलं आणि २०१५ मध्ये नवं उभं राहिलं ते गावाच्या कडेला. तिथे गाडीशिवाय जायचं कसं?

हा प्रश्न मला पुण्यातच पडलेला आहे. २९ फेब्रुवारी १९९६ ला मी रजा टाकून, सात वर्षांच्या लेकीचं बोट धरून, शुक्रवार पेठेतून नेहरू स्टेडियमवर चालत गेले होते. विश्वचषकाचा सामना. केनियाच्या १६६ धावा, आणि वेस्ट इंडिज सगळे ९३ वर बाद! लारा आठवर गेला तेव्हा लेक बाकावर उभी राहून ओरडत होती. नंतर सारसबागेपाशी भेळ खाल्ली आणि दिवेलागणीला घरी.

आणि १९ ऑक्टोबर २०२३, शहराबाहेरचं गहुंजे स्टेडियम, भारत-बांगलादेश. यजमानांच्या गुडघ्यांमुळे आणि परतीच्या गाडीच्या धास्तीने आम्ही आधीच उठलो. विराटने षटकार मारून शतक आणि सामना दोन्ही पूर्ण केले, तेव्हा आम्ही बाहेर रस्त्यावर होतो. फक्त आरडाओरडा ऐकू आला.

मोठे सामने गहुंजेला होऊ देत, त्याला माझी हरकत नाही. बालेवाडीचं क्रीडासंकुलही पुण्याला हवंच होतं. पण पेठेतल्या मुलांनी रोज कुठे जायचं? आता स्वारगेटला भुयारी मेट्रो आली, नेहरू स्टेडियमचा परिसर तिच्या शेजारी आहे. त्या भागाचा आराखडा करताना मैदानाचा एक फूटही कमी होऊ नये, आणि बायका-मुलांना, ज्येष्ठांना रोज खेळता येईल अशी जागा तिथे राखावी. पेठांमधल्या शाळांची पटांगणं संध्याकाळी सहा ते आठ उघडी ठेवावीत. दिवा आणि रखवालदार एवढाच खर्च आहे, तो महापालिकेने उचलावा.

आमच्या वाड्यातली अकरा वर्षांची मुलगी बॅडमिंटन छान खेळायची. वर्गाला जायला-यायला दोन बस बदलून तीन तास मोडायचे, म्हणून जूनपासून तिने सोडलं. तिच्या घरापासून शाळेचं पटांगण चार मिनिटांवर आहे, आणि त्याच्या फाटकाला दुपारी दोनपासून कुलूप असतं.

– एक निवृत्त टपाल कर्मचारी, शुक्रवार पेठ, पुणे